उपाशी वाकळ

पुण्याच्या मॅडमनी तालमीच्या ओट्यावर वाकळ उलगडली आणि मधोमध मूठ जाईल एवढं भोक सगळ्यांना दिसलं.

"हे काय आहे, मालनताई?"

मी वाकून बघितलं. उंदराचंच काम होतं. कडा कुरतडलेल्या, आतल्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या बाहेर आलेल्या. मॅडमनी दुसरी उलगडली, तिलाही तिथंच भोक. तिसरीलाही तिथंच. काठाला दात नाही, कोपऱ्याला नाही, नेमकं पोट फाडलेलं.

"तुमच्याच गोदामात उंदरं झाली असतील," सुंदरा म्हणाली. सुंदराला गप्प बसवत नाही, जन्माचं दुखणं आहे ते.

"माझ्या गोदामात चादरी आहेत, पडदे आहेत, सतरंज्या आहेत. कशाला तोंड लावलं नाही. फक्त तुमच्या गोधड्या, आणि त्याही बरोब्बर मधोमध." मॅडमनी पर्समधून प्लास्टिकची पिशवी काढून माझ्यापुढं धरली. आत भाकरीचा वाळून खडा झालेला तुकडा होता. "हा एका गिऱ्हाइकाला गोधडीच्या आत सापडला. त्या बाईंनी फोनवर मला काय काय ऐकवलं ते सांगत नाही. अंथरुणात शिळं अन्न! कोण घालतं हे?"

आम्ही सगळ्याजणी खाली बघायला लागलो.

आता हे पुण्याच्या बाईला कसं समजवायचं? आमच्या माणदेशात वाकळ शिवताना दोरा कडेनं धरतात आणि फिरत फिरत आत आणतात. शेवटी मधोमध तळहाताएवढी जागा उरते, ते वाकळेचं पोट. ते मिटवायच्या आधी त्यात भाकरीचा घास घालायचा. माझ्या आईनं घातला, आजीनं घातला, तिच्याही आजीनं घातला असणार. वाकळ उपाशी राहिली तर पांघरणाऱ्याला खाते म्हणतात. घरच्या वाकळेत उंदीर शिरला तर शिरला, वरून ठिगळ लावायचं आणि पांघरायचं. दुकानात टांगलेल्या वाकळेला ठिगळ कोण लावणार?

मी जमेल तसं सांगितलं. मॅडम चिडतील वाटलं होतं, पण त्या दमल्यासारख्या बोलल्या आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"तुमची श्रद्धा मला कळते हो. पण माझंही दुकान आहे. पुढच्या खेपेला एका जरी गोधडीत घास निघाला ना, तर मी हे काम बंद करणार. दुसऱ्या गावच्या बायका मागं लागल्यात माझ्या. त्या आत काही घालत नाहीत."

जीप गेली.

काम बंद म्हणजे काय, ते आम्हाला कुणी सांगायला नको होतं. दसरा झाला की आळीच्या तोंडाशी ट्रक लागायचा. नवराबायकोचा जोड म्हणजे एक कोयता. पोरं, शेळ्या, भांडी, सगळं ट्रकात घालून ऊस तोडायला जायचं ते गुढीपाडव्याला परत यायचं. मी चौदा हंगाम केले. माझी सुगंधा त्या साली दहावीला होती. आम्ही गेलो की तिलाही न्यावं लागणार, कारण तिला सांभाळणारी सासू मागच्या साली गेलेली आणि वयात आलेली पोर सहा महिने एकटी कुणाच्या जिवावर ठेवायची? आणि एकदा ट्रकात चढली की ती पुन्हा शाळेत बसत नसते, हे मी आळीतल्या किती पोरींचं बघितलेलं. त्या साली पहिल्यांदा आमच्या मालकांना म्हणाले होते, वाकळांवर आपण निभावून नेऊ, मी काही येत नाही. त्यांनीही मान हलवली होती. माझं सगळं त्या एका कामावर टांगलेलं होतं.

तसा वाकळ हा काही धंदा नव्हता कधी. घरातलं जुनं लुगडं, धन्याचं धोतर, सासऱ्याचा पटका, ते एकावर एक घालून शिवायचं आणि पोराबाळांच्या अंगावर टाकायचं. पुढं लुगडी गेली, नायलॉनच्या साड्या आल्या, त्यांची वाकळ काही अंगाला धरत नाही. मग सायकलवर पानिपती ब्लँकेटं विकणारे यायला लागले आणि आमच्या सुया गंजल्या. मॅडम आल्या तेव्हा नीट दोरा घालणाऱ्या मोजक्या बायका उरलेल्या. मॅडम सुती कापडाचे गठ्ठे पाठवायच्या, आम्ही रिकाम्या पडलेल्या तालमीत बसून शिवायचो. मी सातवी शिकलेली, म्हणून गटाची प्रमुख मला केलं.

"सगळ्यांनी भैरोबाची शपथ घ्यायची," मी म्हणाले. "घास घालायचा न्हाई. मागं झालं ते झालं."

सगळ्यांनी घेतली. अनसाक्कानं पुटपुटत घेतली. ती आमच्यातली सगळ्यात म्हातारी, डोळ्यानं अधू झालेली, पण हातानं चाचपून सरळ दोरा घालायची. सुंदरानं मोठ्यानं घेतली. आणि फुलानं माझ्याकडं न बघता घेतली, ते मी मनात टिपून ठेवलं.

फुला माझी धाकटी जाऊ. तिचा नवरा पोपट, म्हणजे माझा सख्खा दीर, तो मुकादम. आळीतले कोयते गोळा करून कारखान्याला तोच न्यायचा. नऊ वर्षांमागं घरं वेगळी झाली तेव्हापासून फुला माझ्या उंबऱ्याच्या आत पाणी प्यायली नव्हती. सणाला बोलावलं तरी दारात उभी राहायची, "न्हाई आक्का, जेवून आले," म्हणायची. मी म्हणायचे, मुकादमाची बायको, मिजास असणारच. आता मला वेगळंच दिसायला लागलं. बायका वाकळा शिवत घरी बसल्या तर ट्रक कुणाचा रिकामा जाणार? पोपटभाऊजींचा. आणि मुकादमाची बायको आमच्या तालमीत बसून नेमकं काय शिवत होती?

मी मुळातच संशयी बाई. आमचे मालक म्हणायचे, तुला दुधातही पाणी दिसतं आणि पाण्यातही दूध दिसतं. बरं, त्या दिवसांत मी एकटीच संशयी होते असंही नाही. सुंदराला वाटायचं, मॅडमच भोकं पाडून आणते, भाव पाडायला. कुणी म्हणालं, आपल्यावर कुणीतरी करणी केलीय, नायतर बरोबर पोटच कसं फाटतंय? दोघी शेजारणी एकमेकींच्या पिशव्यांकडं बघत बसायच्या. पूर्वी तालमीत ओव्या, थट्टा, उखाणे चालायचे. आता नुसता सुयांचा आवाज यायचा.

मी दारात बसून येणारीच्या हातात काय, ओच्यात काय ते बघायला लागले. शिवून झालेली प्रत्येक वाकळ मधोमध दाबून बघायचे. पण ताजी भाकरी मऊ असते, पाच पदरांच्या आत हाताला लागत नाही. ती वाळली की मग कळते.

मॅडम येणार त्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी एकटीच तालमीत गेले आणि रचलेल्या वाकळा पुन्हा एकेक करून चाचपल्या. वरच्या दोन ठीक वाटल्या. तिसरीच्या पोटात बोटाला खडा लागला.

वाकळ कुणाची ते बघायची गरज नव्हती, कारण असला बारीक टाका आळीत एकीचाच. तरी मी ब्लेड घेऊन चार टाके उसवले आणि बोट घातलं. भाकरीचा तुकडा. पांढराशुभ्र, शाळूचा.

शाळू! भादवा सरत आलेला, उन्हाळ्यातली शाळू ज्वारी सगळ्यांची संपलेली. आमच्या घरात हायब्रीड ज्वारी, सुंदराच्या घरात बाजरी, अनसाक्काच्या घरात रेशनचा गहू. शाळू त्या दिवसांत आळीत एकाच घरी होता आणि ते घर मुकादमाचं.

तुकडा पदराला बांधला आणि तडक तिच्या घरी गेले.

फुला चुलीपुढं होती. पोपटभाऊजी अंगणात बाजेवर बसून दात कोरत होते. मला बघून उठले नाहीत, पण हसले.

"या वहिनी. सकाळ सकाळ? बरं झालं आलात. कोयते किती धरू आपल्या आळीचे?"

"आळीचं यंदा कुणी येत न्हाई, भाऊजी."

"आसं सगळ्याच म्हणत्यात. आवं, ते पुण्याचं काम म्हंजी आळवावरचं पाणी. आज हाय, उद्या न्हाई." त्यांनी काडी टाकली. "माझ्या ट्रकात जागा धरून ठेवतो तुमच्यासाठी. काम गेलं की कुठं जाशीला?"

"काम कशानं जाईल?" मी विचारलं.

"मला काय ठावं? बायकांचं काम. एवढं फाटतंय, कुरतडतंय, ऐकतो आपलं." आणि पुन्हा हसले.

ह्यांना कुरतडल्याचं कुणी सांगितलं? मी आत डोकावले. परातीत पांढरं पीठ, तव्यावर पांढरी भाकरी. फुलानं मान वर केली, माझ्या पदराच्या गाठीकडं तिची नजर गेली आणि तिनं तोंड फिरवलं. मला वाटलं, सापडली चोर. घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात तिला काय काय बोलले ते लिहायला नको.

दुपारी सगळ्याजणी तालमीत जमल्यावर मी गाठ सोडली आणि तो तुकडा मधोमध मातीवर टाकला.

"ही भाकरी कुणाच्या घरची?"

सगळ्यांनी बघितलं. शाळूची भाकरी ओळखायला चष्मा लागत नाही.

"माझ्या घरची," फुला म्हणाली. एवढं सरळ म्हणेल असं मला वाटलं नव्हतं.

"भैरोबाची शपथ घिऊन?"

"व्हय. शपथ घिऊन."

"बघा गं!" मी उभीच राहिले. "बघा मुकादमाच्या बायकोचं! नवरा सकाळी मला म्हणतोय काम गेलं की माझ्या ट्रकात या, आन् हिकडं ही आमच्या कामाला उंदीर लावती. आगं, माझ्या पोरीची दहावी हाय! सुंदराला कंबर धरून उठावं लागतंय, तिला मोळ्या उचलायला धाडणार व्हय? तुझं काय गं वाकडं केलंय आम्ही?"

फुलाच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, काही नाही. ती शांतपणे म्हणाली, "माझी एकटीचीच का उसवलीस आक्का? सगळ्यांच्या उसव."

"सगळ्यांच्या कशाला?"

"उसव तरी. मग मला बोल."

मी रागारागानं सुंदराची वाकळ ओढली. सुंदरा म्हणाली, "आगं, माझी कशाला, मी काय..." आणि गप्प झाली. सुंदरा गप्प झाली म्हणजे काहीतरी होतं. मी उसवलं. आत बाजरीचा घास, वर तीळही होते.

"सुंदरे!"

"आगं, एवढासाच घातला. उंदराला कळणार न्हाई एवढासा."

अनसाक्काची उसवली, गव्हाच्या चपातीचा कोपरा निघाला. पुढची उसवली, बाजरी. तिच्या पुढची, हायब्रीड. मी उसवत गेले आणि प्रत्येकीत काही ना काही निघत गेलं. एकीनं तर भाकरी नव्हती म्हणून चार शेंगदाणे घातलेले. सगळ्यांनी शपथ घेतली होती आणि सगळ्यांनी मोडली होती. प्रत्येकीला वाटत होतं आपणच एकटी मोडतोय, म्हणून जी ती दुसरीकडं डोळे वटारून बघत होती. मला हसावं का रडावं कळेना.

"काय गं हे? उद्या मॅडम येणार. तुमाला काय ट्रकात चढायचंय का सगळ्यांना?"

"न्हाई गं बाय," अनसाक्का म्हणाली. "पर कुणाच्या लेकराच्या अंगावर जायाची, काय ठावं? उपाशी कशी धाडायची? हात धजंना."

"तुझी ऱ्हायली," फुला मला म्हणाली.

"माझी उसव की! माझ्यात काय बी घावायचं न्हाई." मी वाकळ तिच्यापुढं टाकली. त्या सगळ्यांत मी एकटी शब्दाला जागलेली, म्हणून ताठ उभी होते. सुंदरानंच उसवली. आत हात घातला, चाचपलं.

"रिकामी हाय," ती म्हणाली.

मला वाटलं, आता सगळ्याजणी खाली मान घालतील. तसं काही झालं नाही. सगळ्या माझ्याकडंच बघायला लागल्या, आणि ते बघणं काही चांगलं नव्हतं. सुंदरा तर थोडी मागं सरकली.

"मालन," अनसाक्कानं विचारलं, "उपाशी धाडलीस?"

"मॅडमनी सांगितलंवतं."

"मॅडम सांगंल गं. तिला काय ठावं? तुला तर ठावं हाय न्हवं? आन् ह्याच्या आदीच्या?"

"त्याबी. मी पहिल्यापास्नं न्हाई घातला. दुकानाच्या वाकळंला कशाला घालायचा?"

दोघी हळूच माझ्या हाताकडं बघत होत्या, जसं काही मी त्या हातानं कुणाला विष कालवलं होतं. इतके दिवस मी सगळ्यांवर संशय घेत होते, आता सगळी तालीम माझ्यावर घेत होती. आणि फुला माझ्या रिकाम्या वाकळेजवळ सरकली.

"आक्का," ती म्हणाली, "एक इचारू? खरं सांगशील?"

"इचार."

"माझ्या बाळाच्या वाकळंत घातलावतास का?"

मला आधी कळेचना. मग कळलं.

फुलाचं पहिलं पोर. नऊ वर्षं झाली होती. तीन महिन्यांचं होतं, बारशाला भानुदास नाव ठेवलेलं, पण सगळे बाळच म्हणायचे. त्या साली दसऱ्याला ट्रक लागला तेव्हा बाळाला पांघरायला धड काही नव्हतं. मी माझ्या आईचं हिरवं लुगडं फाडलं, एका दिवसात वाकळ शिवली आणि ट्रक सुटता सुटता फुलाच्या मांडीवर टाकली. आम्ही दोघी त्याच टोळीत होतो. पौषात बाळ गेलं, उसाच्या फडाकडंला, उसाच्या वाळल्या पाल्यानं, पाचटानं शाकारलेल्या झोपडीत.

"मी बघितलं न्हाई गं," फुला म्हणाली. "मी टरकात बसलीवती. भोंगा वाजत हुता. तू घाईघाईनं पोट मिटवलंस. म्या म्हणलं, घातला असंल, आक्का इसरायची न्हाई. मग बाळ गेलं. तवापास्नं मनात हेच, तिनं घातला का न्हाई? घातला का न्हाई? इचारायचं धाडस हुईना. इचारलं आन् तू न्हाई म्हणलीस, तर मी काय करू?"

नऊ वर्षं ती माझ्या घरात पाणी प्यायली नाही, ते ह्यासाठी. आणि मी तिला मिजासखोर म्हणत होते.

"घातलावता, फुला."

"आता तू म्हणशीलच."

"हायब्रीडचा घातलावता. आपण दोघींनी मिळून त्या सकाळी भाकरी थापल्यावत्या वाटंला, त्यातलाच."

"तुला घाई हुती. आन् आज तर बघितलंच की, तुला त्याचं काय बी वाटत न्हाई. रिकाम्या धाडतीस."

दुकानाची वाकळ वेगळी आणि घरच्या लेकराची वेगळी, हे मी सांगितलं असतं तरी तिला पटलं नसतं. शेवटी विचारलं, "ती वाकळ हाय का अजून?"

तिनं मान हलवली.

"जा, घिऊन ये."

ती गेली. आली तेव्हा वाकळ उराशी धरलेली. एवढीशी होती ती, आणि आईच्या लुगड्याचा हिरवा रंग अजून उठून दिसत होता. पेटीच्या तळाशी कडुलिंबाच्या पाल्यात ठेवलेली, पाल्याचा भुगा काठाला चिकटलेला. कधी धुतली नव्हती. धुतली की बाळाचा वास जाईल म्हणून.

ब्लेड हातात घेतलं, पण फुलाला उसवेना. माझ्या हातात तिनं दिलंच नाही, अजूनही तिचा माझ्यावर विश्वास नव्हता. अनसाक्काच्या हातात दिलं. म्हातारीनं बोटांनी चाचपत पोट शोधलं आणि एकेक टाका तोडला. मला पक्कं ठाऊक होतं मी घास घातला होता. पण एवढ्या सालांत किडीनं खाल्ला असला तर? पीठ होऊन उडून गेला असला तर? मग माझ्या शब्दाला कोण विचारतं?

अनसाक्कानं दोन बोटं आत घातली आणि काहीतरी बाहेर काढून तळहातावर ठेवलं. काळा पडलेला, बोराएवढा, दगडासारखा घास.

"हाय गं," ती म्हणाली. "हाय. मालननं घातलाय."

फुलानं तो घास उचलला, उलटसुलट करून बघितला, नाकाला लावला. मला वाटलं आता ही माझ्या गळ्यात पडेल, नऊ वर्षांचं काय ते निवेल. तिनं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं,

"मग माझं लेकरू कशानं गेलं गं आक्का?"

टोळीत असलेल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतंच, पण एवढी वर्षं तिनं ते वाकळेखाली झाकून ठेवलं होतं. नवऱ्याबरोबर संसार करायचा तर दुसरं काय करणार होती ती? मी बोलले. कुणीतरी बोलायलाच पाहिजे होतं.

"थंडीनं गेलं, फुला. तापानं गेलं. पाचटातनं वारं यायचं. दवाखान्यात न्या म्हणून तू दोन दिवस पाया पडत हुतीस, आन् पोपटभाऊजी म्हणत हुते, गाडी भरल्याबिगर कोण जागचं हलायचं न्हाई. वाकळंनं न्हाई खाल्लं त्याला."

फुला रडली नाही. तिनं तो घास परत हिरव्या वाकळेच्या पोटात ठेवला, माझ्याकडं सुई मागितली आणि स्वतः पोट मिटवलं. दोरा तोडून उठली, उसवलेल्या सगळ्या वाकळा एका रांगेत मांडल्या आणि म्हणाली, "कुणाच्या शिदोरीत भाकरी हाय का?"

सुंदरानं फडकं सोडलं. फुलानं भाकरीचा घास मोडला, पहिल्या वाकळेच्या पोटाला लावला आणि स्वतःच्या तोंडात घातला.

"आगं, हे काय?" अनसाक्कानं चावल्याचा आवाज ऐकून विचारलं.

"निवद," फुला म्हणाली. "देवाला काय घशात कोंबतो का आपण? दाखवायचा आन् आपण खायाचा. वाकळ जेवली, उंदीर उपाशी."

अनसाक्कानं बोटांनी वाकळेचं पोट चाचपलं. "चालंल," म्हणाली. "चालंल गं बाय. मी म्हणते चालंल." म्हातारी म्हणाली म्हटल्यावर झालंच. सगळ्यांनी आपापल्या वाकळेला घास लावला आणि खाल्ला. मी माझीला लावला तेव्हा सगळ्याजणी नीट बघत होत्या, खरंच लावते की नाही. फुला तर वाकूनच बघत होती. मग सगळ्यांनी बसून दिवस मावळायच्या आत पोटं मिटवली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी एकेक वाकळ दाबली, उन्हात धरली, वास घेतला. दोन आमच्यासमोर उसवून बघितल्या. आत काही नव्हतं. तरी त्यांना काही पटेना.

"खरंच काही नाही ना?"

"त्या जेवल्यात," सुंदरा म्हणाली. मी तिला चिमटा काढला. मॅडम आमच्याकडं आळीपाळीनं बघत राहिल्या आणि मग गठ्ठे जीपमध्ये टाकून घेऊन गेल्या. काम राहिलं.

दसऱ्यानंतर ट्रक लागला. आमच्या आळीचं कुणी चढलं नाही. पोपटभाऊजी ट्रकाचा भोंगा वाजवून वाजवून थकले आणि तरातरा तालमीच्या दारात आले. फुला माझ्या शेजारी बसून दोरा घालत होती. दरवर्षी ती केबिनमध्ये बसून जायची, टोळीचा स्वयंपाक तिच्याकडं असायचा.

"चल, गाडी उभी हाय," ते म्हणाले.

"मी येत न्हाई."

"न्हाई म्हंजी?" त्यांनी माझ्याकडं बघितलं. "वहिनी, तुमीच हिचं कान फुकलं."

मी तोंड उघडणार तेवढ्यात फुलानं हात आडवा केला. सुई वाकळेत तशीच टोचून ठेवली आणि मान वर करून नवऱ्याला विचारलं,

"त्या दिवशी गाडी किती भरायची ऱ्हायलीवती?"

पोपटभाऊजींच्या कपाळाला आठी पडली. ते तिच्याकडं बघत राहिले, मग आमच्याकडं, आणि पुन्हा तिच्याकडं. त्यांना खरोखरच काही कळलं नव्हतं, हे आम्हाला सगळ्यांना दिसत होतं.

"कुठल्या दिवशी?" त्यांनी विचारलं.

फुलानं सुई उचलली आणि पुढचा टाका घातला. ते अजून थोडा वेळ दारात उभे होते, मग गेले.